उत्तरेची शीव

अण्णा ग्रामसेवक मागच्या बुधवारी सकाळी स्कॉटलंडमध्ये मुलीच्या घरी वारले. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची सगळी नोकरी शिराळा तालुक्यात झाली. स्वतः चालून न पाहिलेली गावाची शीव त्यांनी कधी नकाशावर आखली नाही. चाललेली बाजू शाईने, न चाललेली कोरी.

मी त्याच तालुक्याचा वार्ताहर. पंचायत समितीच्या बातम्या वर्षानुवर्षे मी लिहिल्या. पण हद्दीचा वाद उठला की लोक अण्णांना बोलावत. एकदा मी कचेरीत बसून लिहिलेल्या बातमीत पाझर तलाव भलत्याच गावात गेला. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. चहाच्या टपरीवर अण्णा एवढेच म्हणाले, "तितं गेला हुतास का? मग कशाला लिवलंस रं?" सगळे हसले. ते मी विसरलो नाही.

पत्नी गेल्यावर ते मुलीकडे गेले. तिथून फोनवर बोलून पत्रे पाठवत, मी उतरवून घेई. मुलीचे गाव ज्या खोऱ्यात, तिथे एक नदी, नऊ वस्त्या, माणसांपेक्षा मेंढरे जास्त. आटपाडीचा धनगर तिथे नेऊन सोडला तर परत यायचा नाही, असे त्यांचे मत. गावाची सभा भरे, तेव्हा तेही मागच्या बाकावर बसत. "सभा हाय, पन सत्ता न्हाई. रस्त्याचा दिवा गेला तरी साठ मैलांवरच्या हापिसाला कळवायचं. आपला सरपंच बरा गड्या, दारात जाऊन भांडता तरी येतं."

संपादकांनी ही पत्रे माझ्या रविवारच्या सदराच्या जागी घेतली. चौथ्या पत्रानंतर ती जागा अण्णांचीच झाली. उंब्रजपासून फलटणपर्यंतचे वाचक त्यांची चौकशी करत, तीही माझ्याच नंबरवर. मला हेवा वाटे.

शेवटचे पत्र मी संपादकांना दिले नाही. तिथल्या गावाचा नकाशा काढतोय, तीन शिवा चालून झाल्या, उत्तरेची राहिली, असे त्यात होते. दोन रविवार मी 'पत्र आले नाही' म्हणून सांगितले आणि त्या जागी माझे सदर छापून आले. मग अण्णांचा फोन आला. "छापलं न्हाईस व्हय?"

जाहिरात आली, जागा नव्हती, असे मी सांगितले.

ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. उत्तरंची चालून झाली की नकाशा धाडतो. संगंच छाप."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते गेले. पत्र मी गुरुवारी संपादकांना दिले. नकाशाचा फोटो मुलीने शुक्रवारी पाठवला. रविवारी दोन्ही छापून आले. नकाशात नदी आहे, नऊ वस्त्या आहेत, तीन बाजू शाईने आखलेल्या आहेत. उत्तरेची बाजू कोरी आहे.