वाळ्यांचं वजन

"थांब वं माय, हात गरम करू दे," असं म्हणत सिस्टर आधी दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळायच्या आणि मगच बाळाला हात लावायच्या. मे महिन्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा भाजून निघतात, तरी हे चोळणं कधी चुकलं नाही. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात दर महिन्याला त्या लसीची पेटी घेऊन अंगणवाडीत यायच्या. अशी बाई तुमच्याही गावात असेल. आपण तिचं नावही विचारत नाही, नुसतं सिस्टर म्हणतो.

माझ्या मुलीला त्या विचारायच्या, "काय मॅडम, महिनाभर काय काम केलं?" सुई टोचल्यावर ती रडली की तिची रीतसर माफी मागायच्या. काट्यावर मात्र गंमत चालत नसे. टोपी, झबलं, लंगोट, सगळं उतरवायला लावत.

फक्त वाळ्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही. आमच्या घरी जावळं काढेपर्यंत बाळाच्या पायातले चांदीचे वाळे उतरवत नाहीत. सासूबाई हटून बसल्या. सिस्टरांनी वाद घातला नाही. बारशाला आल्या आणि वाळे पायात घालण्याआधीच आमच्या भाजीच्या काट्यावर ठेवून त्यांचं वजन वहीत लिहून घेतलं. पुढे दर महिन्याला तेवढं वजा करत.

पाचव्या महिन्यात मुलीचं वजन थांबलं. दूध पिता पिता तिला धाप लागे, कपाळाला घाम सुटे. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या महिन्यातही वाढलं नाही तर अमरावतीला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. घरी सासूबाईंनी वेगळाच निकाल लावला. माझ्या दुधात दम नाही, लेकरू बाटलीवर टाकायचं आणि मला एकटीला माहेरी धाडायचं. नवरा मान खाली घालून ऐकत होता. मुलगी हातची जाणार या भीतीने मला दुसरं काही सुचेना. तपासणीच्या सकाळी मी चोरून तिचे वाळे उतरवले आणि माहेरचे, दिसायला तसेच पण भरीव वाळे घातले.

सिस्टरांनी वहीतला जुना आकडा वजा केला. वजन वाढलेलं निघालं. त्यांनी मुलीच्या तळव्याचा मुका घेतला आणि सासूबाईंना बजावलं, "सुनेच्या दुधाले आता नावं ठेवू नका." मला मान वर करवेना. घरी येताच मी जुने वाळे परत घातले.

महिना भरायच्या आत मुलगी निळी पडली. अमरावतीच्या डॉक्टरांनी हृदयाला छिद्र असल्याचं सांगितलं आणि इतका उशीर का केला म्हणून विचारलं. सासऱ्यांनी लसीचं कार्ड पुढे केलं. त्यावर वाढलेलं वजन होतं आणि शेजारी सिस्टरांची सही.

ऑपरेशन झालं. मुलगी वाचली. सासऱ्यांनी तक्रार केली. चौकशीला साहेब आले तेव्हा सिस्टरांनी ती वही चार वेळा पुढेमागे उलटली. शेवटी म्हणाल्या, "माह्याच हातून चुकलं असंन."

मी चार पावलांवर उभी होते, पदर तोंडात धरून. बोलले असते तर मुलीला माझ्याजवळ ठेवलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी भ्याले.

त्यांची बदली अचलपूरच्याही पलीकडे झाली. धाकट्या बहिणीकडे अचलपूरला राहून त्या तिथून जात-येत, एवढं कळलं होतं.

यंदा, तीन वर्षांनी, मुलीला घेऊन मी एसटीने अचलपूरला गेले. सगळं सांगून त्यांचे पाय धरायचे होते. दार बहिणीने उघडलं. सिस्टर चैत्रातच वारल्या होत्या. शेवटपर्यंत त्या प्रत्येक लेकरू दोनदा तोलत, बहीण सांगत होती, आणि सुट्टीच्या दिवशी जुनी वही काढून चांदूरच्या पोरीचं वजन कुठे चुकलं ते शोधत बसत.

मी तिला खरं सांगितलं. मुलगी अंगणात पळत होती. बहिणीने तिच्याकडे बघितलं.

"मंग आता मले कायले सांगून राहिली?" ती म्हणाली. "जिले आयकाचं होतं, ते तं गेली."