जामसरचा पाळणा, परदेशी टेपवर

मुलांनो, तुमच्यातल्या थोरल्याचा जन्म परदेशात व्हायचा होता तेव्हा आम्ही जव्हारला राहत होतो. माझ्या सासूबाई, तुमची पणजी, जामसरच्या. बारशाला जाणं त्यांना शक्य नव्हतं, पण पतवंडासाठी पाळणा आपणच म्हणणार, हा त्यांचा हट्ट.

आजोबांनी नुकताच नवा टेपरेकॉर्डर घेतला होता. त्याला खरखर कमी करणारं एक बटण होतं. कॅसेटची फीत वाजताना स्वतःच बारीक 'स्स्स' करत असते. बटण दाबलं की रेकॉर्डिंग करताना यंत्र बारीक, हळू सूर वाढवून ठेवतं आणि ऐकवताना तेवढेच उतरवतं. त्यांच्याबरोबर फितीची खरखरही उतरते.

माळ्यावरचा पाळणा काढून टांगला, तर सासूबाई अडून बसल्या.

"रिकामा पाळणा मी नाय हलवायची."

"आई, नुसतं म्हण ना," आजोबा म्हणाले.

"हात हलल्याबिगर गळा कसा हलंल?"

मी वरवंटा कुंचीत गुंडाळून पाळण्यात निजवला. बारशाला ठेवतातच, म्हणून त्या तयार झाल्या. कडी कुरकुरत होती.

"तेल घालू का?" मी विचारलं.

"बटण आहे ना!" आजोबा म्हणाले.

ऐकलं तर फितीची खरखर गेली होती आणि कुरकुर आणखीच स्पष्ट झाली होती. सासूबाई हसल्या. "तुझं बटन नुसतं आपलंच अंगण झाडतंय."

कडीला खोबरेल लावून पुन्हा रेकॉर्ड केलं आणि एका ओळखीच्या माणसाबरोबर कॅसेट पाठवून दिली.

बारशाच्या दिवशी तुमच्या आईचा फोन आला. ती रडवेली झाली होती. "बाबा, हा आजीचा आवाजच नाही! किती चिरका येतोय."

"काय म्हणते? पोचला का पाळणा?" सासूबाई विचारत राहिल्या.

"तुमच्या टेपला खरखर कमी करायचं बटण आहे का गं?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

इथे वाढवलेले सूर तिथे उतरवायला कुणी नव्हतं. "मग ट्रेबल कमी कर, म्हणजे बारीक सूर उतरतील. अजून. अजून थोडा."

"हं! आता आजी आली."

आजोबांनी रिसीव्हर सासूबाईंच्या कानाला लावला. त्या ऐकत राहिल्या. "कोण गं ही? बरी म्हणते की!"

पाळणा संपला.

"आजी, निजला बघ," तुमची आई म्हणाली.

सासूबाईंनी रिसीव्हरवर तळहात घट्ट धरला आणि आम्हा दोघांना दटावलं, "हळू बोला रे."