शेवटच्या रिळाआधी

सांगलीची एसटी सुटली तेव्हा मला पोचवायला वडील फाट्यावर नव्हते. ते गावात, एका मेलेल्या माणसाला उठवण्यासाठी थांबले होते. मी विलायतेला निघालो होतो.

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाईचे ख्रिस्ती. येशूच्या जीवनावरचा एक चित्रपट मिशनच्या गाडीतून गावोगाव दाखवणे हे वडिलांचे काम. यंत्र मी चालवी. चित्रपट इंग्रजी, म्हणून वडील पडद्याशेजारी उभे राहून आपल्या बोलीत सांगत. बायका चपला काढून बसत. कुणी पडद्यापुढे नारळ फोडी. मिशनच्या साहेबांना ते खपत नसे. वडील कुणाला अडवत नसत.

मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कडेगावजवळच्या एका खेड्यात खेळ होता. पडद्यावर क्रूसावर येशूचा प्राण गेला आणि यंत्रातला बल्ब उडाला. जादा बल्ब नव्हता. शेवटचे रीळ दाखवायचे राहिले. लोक उठून घरी गेले.

सकाळी गावात एकही चूल पेटली नाही. आम्ही चहा मागितला, तशी सोनाक्का नावाची म्हातारी वडिलांवर कडाडली, "आवं मास्तर, च्या मागताय व्हय? मानूस मारलासा, आन् सोता गाडीत घोरत पडलासा! गावाला सुतक हाय."

"आक्का, तिसऱ्या दिशी उठला की त्यो."

"आमी न्हाई बघितला."

एसटीची वेळ झाली होती. वडील मला म्हणाले, "तू हो फुडं. ह्यास्नी असं ठिवून मला येता यायचं न्हाई." एवढाच निरोप. ट्रंक मी एकट्याने फाट्यापर्यंत नेली. चावडीकडून त्यांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

बर्मिंगहॅमला ओतकामाच्या कारखान्यात लागलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, पुन्हा शिफ्ट. ईस्टरला टेलिव्हिजनवर तसलेच चित्रपट लागत, अधिक भव्य. त्यांतला येशू शुद्ध इंग्रजी बोले. मी अर्ध्यावरून उठे. पहाटेची पाळी असे. वडील गेल्याची तार आली तेव्हा दफन उरकले होते. त्या दिवशी मी गॅस पेटवला नाही.

निवृत्तीनंतर त्या खेड्यात गेलो. सोनाक्का राहिली नव्हती. तिची सून आता म्हातारी झालेली. मास्तरांचा मुलगा म्हटल्यावर तिने ती सकाळ सांगितली. कबर रिकामी सापडली, हे वडिलांनी परोपरीने सांगितले. कुणी हलले नाही. मग ते म्हणाले, "उठल्यावर तळ्याच्या काठी त्यानं सोताच्या हातानं जाळ केला, मासं भाजलं, आन् हाक मारली, या रं, खाऊन घ्या." तेव्हा सोनाक्का उठली. पहिली चूल तिची पेटली.

हा प्रसंग आमच्या चित्रपटात नव्हता. शेवटचे रीळ आकाश दाखवून संपे. वडिलांनी तो बायबलातून काढला होता.

"चुली पेटल्या तसं मास्तर फाट्याकडं पळालं," सून म्हणाली. "गाडी गेलती. माघारी आलं, पर भाकरीला हात लावला न्हाई. म्हनलं, ल्योक कवा हिकडं आला तर त्याला उपाशी धाडू नगा."

तिने तवा ठेवला. मी बसलो.

गावी राहिलेले मला विचारतात, तुमचे घर नक्की कुठले? माझ्यासारखे परदेशी गेलेले विचारत नाहीत. कुणी विचारलेच, तर मी हल्ली त्या खेड्याचे नाव सांगतो. तिथे आमचे काहीही नाही.