म्हैसमाळच्या स्वयंपाकघरात नापास

“जा बाई, पण कविता नाही जमली तर निदान पेढे तरी आण,” नवरा म्हणाला. त्याला वाटलं, गंमत केली. मी मात्र ठरवून टाकलं होतं, यंदा म्हैसमाळच्या कविता-शिबिरात नवी कविता झाली नाही तर वही कायमची माळ्यावर. लेक नोकरीसाठी पुण्याला गेली त्याला वर्ष झालं, आणि त्या वर्षात मी एक ओळ लिहिली नव्हती.

शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारातून कोरी वही घेतली (वही नवी म्हणजे निम्मं काम झालं, हा माझा जुनाच भ्रम!) आणि सकाळी सहाला स्कूटर काढली. दौलताबाद, खुलताबाद, मग घाट. चाळीसेक किलोमीटर होतात. खुलताबादला चहा घ्या, पेट्रोलही तिथंच बघून घ्या. वर बस मोजक्याच जातात. मे महिन्यात आपलं शहर नुसतं भाजून निघतं, पण शेवटच्या वळणावर वारा आला आणि मी हेल्मेटमध्येच ओरडले, “आले गं बाई एकदाची!”

शिबिर तीन दिवसांचं, कित्येक उन्हाळे चालत आलेलं. राहणं-जेवण मिळून दीड हजार. गादी मिळते, चादर आपली न्या. नियम एकच: कविता इथंच लिहायची आणि आधी स्वयंपाकघरात वाचायची. तिथं गयामावशी भाकरी थापत असतात. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला, तर कविता पास. पुरस्कारवाल्यांची इथं पार फजिती झालेली मी पाहिली आहे. आठ वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या शिबिरात, आईवरच्या कवितेला मावशींचा हात थांबला होता. तेव्हापासून मी स्वतःला कवयित्री म्हणवते.

दोन दिवस दरीकडं बघत बसले. काही म्हणजे काही सुचेना. तिसऱ्या सकाळी मी लबाडी केली. तीच आईची कविता काढली, सुरुवात बदलली, दोन ओळी इकडच्या तिकडं केल्या आणि मावशींपुढं वाचली. त्यांचं थापणं सुरूच.

“ही वाचली व्हती की तुम्ही,” त्या परातीतून वर न बघता म्हणाल्या. “तवा आई नुकत्याच गेल्या व्हत्या तुमच्या. लई रडला व्हता.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

“आता काय चाललंय घरी, ते सांगा की,” मावशी म्हणाल्या.

“काय सांगू? पोरगी गेली, दोघंच असतो.” बोलता बोलता जेवायची वेळ डोळ्यांपुढं आली. तिथंच चुलीजवळ बसून चार ओळी लिहिल्या आणि वाचल्या:

तीन ताटं काढते मी, सवयीनं.
तू एक उचलून ठेवतोस
आवाज न करता,
मला कळू नये म्हणून.

मावशींचा हात थांबला. इतका, की तव्यावरची भाकर करपली. ती मीच खाल्ली, मोठ्या मानानं.

दुपारी निघाले, खुलताबादला पेढे घेतले, संध्याकाळी घरी. जेवायला बसलो तेव्हा मीच दोन ताटं काढली. नवऱ्यानं विचारलं, “मग? पेढे की कविता?”

मी वाचली. त्याचा घास हातातच राहिला.

“तुला दिसायचं व्हय ते?” तो म्हणाला.