दोन्ही बाह्या उजव्या

तुळजापुरात एका धर्मशाळेच्या मागच्या खोलीत शिवणाचा वर्ग भरायचा. आमचा मुलूख निजामाकडून सुटला, त्यानंतर काही वर्षांनी तो निघाला. सोलापूरच्या चार-पाच बायकांनी आपापसात वर्गणी काढून एक लहानसं मंडळ केलं होतं. त्यांनी सहा हातमशिनी घेऊन दिल्या, शिकवायला एक बाई नेमल्या. गिरणीतले उरलेसुरले कापडाचे तुकडे गाठोड्यात बांधून एस.टी.नं पाठवायच्या. एका सालात बारा बायका घ्यायच्या आणि शेवटी परीक्षा. पास होईल तिला मंडळाकडून वेगळी मशीन घरी मिळायची आणि झबली-परकर शिवायचं कामही. नापास होईल तिला आणखी एक साल बसू द्यायचे. नवरात्रात खोलीत यात्रेकरू उतरत, तेवढे दिवस वर्ग बंद.

मी तेव्हा तिशीला आले होते. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि मी भावाकडे परतले. भाऊ शाळेत मास्तर. त्यानंच माझं नाव वर्गात घातलं. भाऊ-वहिनी दोघंही सरळ माणसं. मला कधी कुणी टाकून बोललं नाही. पण माझ्याशी काय बोलावं हेच त्यांना कळत नसावं. मी खोलीत आले की दोघांचं चाललेलं बोलणं थांबायचं आणि मी तांब्या घेऊन बाहेर पडले की पुन्हा सुरू व्हायचं. पुढं पुढं मी दारात आधी पाय वाजवू लागले.

हातमशिनीचा दांडा उजव्या हातानं फिरवायचा आणि कापड डाव्या हातानं सरकवायचं. नव्या बाईला हे एकदम साधत नाही, म्हणून बाईंनी जोड्या लावून दिल्या. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं दोन्ही हातांनी कापड धरायचं. माझ्या जोडीला यात्रेकरूंना खोल्या देणाऱ्या घरातली एक सून आली. अंगानं थोराड, आवाज खणखणीत. दिवसभर परगावच्या माणसांशी हुज्जत घालायची सवय तिला. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं नाव मुकी ठेवलं.

"काय गं मुके, आज घरी काय बोललीस?"

"'वाढू का' म्हणाले."

"अगं बाई! दोन शब्द! बघ हं, अशानं घसा बसायचा."

सगळ्याजणी हसायच्या. मीही हसायचे. असं हसून मला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. ती दांडा इतक्या जोरात फिरवायची की कापड सांभाळता सांभाळता माझी बोटं दुखायची. मी "हळू गं" म्हटलं की ती म्हणायची, "बोलली! मुकी बोलली!" दुपारी भाकरी सोडली की माझ्या भाकरीवर तिची शेंगाचटणी पडलेलीच असायची.

शिवण तिला काही येत नव्हतं. तिची शिवण सापासारखी जायची. बाई तिचं काम उसवून परत तिच्याच हातात द्यायच्या. माझं काम मात्र त्या इतरांना दाखवायच्या. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण साल सरत आलं तसा तो होईना. मी पास होणार हे ठरल्यासारखंच होतं. म्हणजे मशीन घेऊन भावाच्या मागच्या खोलीत बसायचं, एकटीनं. आणि ती नापास होऊन इथंच राहणार, दुसऱ्या कुणाच्या तरी जोडीला.

परीक्षेला मंडळाच्या दोन बायका आल्या. झंपर बेतायचं, कापायचं, शिवून दाखवायचं. कापड आपापलं निवडायचं होतं. मी छापील घेतलं, बारीक लाल फुलांचं. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायचा गोल काठ, पुढच्या अंगाला जास्त खोल असतो, म्हणून एक बाही उजवी आणि एक डावी निघावी लागते. कापड दुमडून कापलं की ती आपोआप निघते. मी दुमडलं नाही. बाह्यांचे दोन तुकडे सुलट बाजू वर करून एकावर एक ठेवले आणि कापले. दोन्ही उजव्या निघाल्या. साध्या कापडाची बाही उलटून लावता येते, छापील कापडाची येत नाही. हे मला कापायच्या आधीच ठाऊक होतं.

बाईंनी झंपर हातात घेतलं, खांद्यापाशी चिमटीत धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली.

चार दिवसांनी निकाल सांगितला. अकराजणी पास. नापास मी एकटी.

माझी जोडीदारीण पास झाली होती. घरी सासूची जुनी लुगडी फाडून फाडून तिनं महिनाभर हात बसवला होता. मला कधी बोलली नव्हती. "तुला मागं टाकून कशी गं झाले मी पास?" असं म्हणून ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. खरं सांगायला तोंड उघडलं नाही.

दारात एक बाई उभी होती. नळदुर्गाकडच्या खेड्यातली, माझ्याहून लहान, गळ्यात लिंग, कडेवर मूल. ती दर महिन्याला देवीला येई तेव्हा वर्गाच्या दारातून विचारून जाई. अकराजणींच्या जागी अकराजणी आधीच ठरल्या होत्या. बारावी जागा निघाली तर ती तिला द्यायची होती.

"जागा न्हाय म्हनं औंदा?" तिनं बाईंना विचारलं.

"एकजण राहिल्यात. पुढच्या सालाला या."

"पुढल्या सालाला सासू सोडती का न सोडती." मग ती माझ्याकडे वळली. राहिलेली ती मीच, हे तिला कुणीतरी दाखवलं असावं. "असू द्या अक्का, वाईट वाटून घिऊ नगा. येतंय हळूहळू."

नव्या सालाला सगळ्या कोवळ्या पोरी आल्या. त्या मला मावशी म्हणत, अडलं की विचारत, आणि आपापसात कुजबुजून हसत. मी जवळ गेले की त्या गप्प होत. मला जोडी नव्हती. मला येतं म्हणून बाईंनी एका मशिनीवर तिघी बसवून एक मशीन मला एकटीलाच दिली होती. जोडीदारीण सुरुवातीला दोनदा डोकावली. मग त्यांच्याकडे यात्रेकरूंची गर्दी वाढली. तिचं घर चार गल्ल्या टाकून होतं. आपणहून जावं असं रोज वाटायचं. गेले नाही.

दुसऱ्या परीक्षेनंतर मशीन माझ्या हवाली करताना बाई म्हणाल्या, "त्या बाह्या मी ओळखल्या होत्या."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सालभरात कधी काही मागितलं नव्हतं. म्हटलं, एवढं एक मागताय, देऊ या." मशिनीवर झाकण बसवत त्या म्हणाल्या, "पण ते माझं नव्हतं द्यायचं."

नळदुर्गाकडची ती बाई त्या पुढच्या सालाला वर्गाला आली नाही. नंतर तीनेक वर्षांनी मला ती तुळजापूरच्या स्टँडवर दिसली. सोबत सासू असावी, अजून एक मूल, डोक्यावर गाठोडं. तिनंच मला ओळखलं.

"अक्का! आता येतंय का समदं?"

"येतं."

"बरं झालं बाई. आमचं न्हाय जमलं बघा."

मी शिकवते, माझ्याकडे येत जा, देवीला येशील तेव्हा तासभर बस. हे सगळं मी मनात तयार केलं, शब्द न् शब्द. तोवर गाडी लागली. सासूनं तिला हाक मारली. ती चढली, खिडकीशी बसली आणि माझ्याकडे बघून हसली. मी हात वर केला. गाडी निघाली तरी मी तशीच उभी. तिच्या गावाचं नावही मी विचारलं नव्हतं.