मागची सीट

लिलावात घेतलेली पोलिसांची जुनी गाडी मी पुसेगावच्या रस्त्यावर काढली, तेव्हा स्वतःला अर्धा फौजदारच समजत होतो. बॉनेटवरची आणि दारावरची ‘पोलीस’ ही अक्षरं खरवडलेली होती, पण उन्हात ती दिसायचीच. पुढच्या खच्चून भरलेल्या जीपवाल्याने मला आरशात पाहिलं, मागे लटकलेल्या माणसाला उतरवलं आणि जीप पळवली.

पांढरंशुभ्र धोतर नेसलेला तो माणूस टोपी सारखी करत माझ्याकडे आला.

"तुमच्यापायी उतरवलं मला. पोरीच्या सोयरिकीला चाललोय, पाव्हणे वाट बघत बसलेत. आता तुमीच सोडा."

मी अदबीने मागचं दार उघडलं. तो दोन पावलं मागे सरला.

"न्हाई बा. मागं बसलो तर धरून आणल्यावानी दिसंल. सोयरीक मोडंल माझी."

ड्रायव्हरशेजारची सीट मीच हौसेने काढून नवं कव्हर शिवायला टाकली होती. त्याने बॉनेटवर थाप मारली.

"ट्रॅक्टर चालवतो मी. तुमी बसा मागं."

आणि मी बसलो! दर गिअरला टोपीला हात लावत त्याने गाडी थेट पाव्हण्यांच्या ओट्याला भिडवली. सगळे माझ्याकडे वाकून पाहू लागले.

"ह्यो कोण?" मुलाच्या बापाने विचारलं.

"चुकी झाली त्याच्याकडून, पण माणूस वाईट न्हाई. चहा द्या त्यालाबी."

सोयरीक जमली. मला पेढाही मिळाला. फक्त मी हात धुवायला उठलो, की दोन दांडगे पाव्हणे माझ्यासोबत उठायचे.