उशिरा येणारी उडी

आक्काच्या हातातून सुई पडायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. माझी ही मोठी बहीण सासरी, दिंद्रुडला, ब्लाऊज शिवायची. मग कात्री धरवेना, चहा बशीत सांडायला लागला, तेव्हा दाजींनी तिला बीडला माझ्याकडे आणून सोडलं. तपासण्या झाल्या. नमुने पुण्याला पाठवून डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत बोटांना काम देत राहा."

मला आमचा टीव्ही गेम आठवला. लहानपणी मामाने आणलेला, कॅसेट घालायचा. खड्ड्यांवरून उड्या मारत पळणारा तो माणूस आक्काइतका लांब गल्लीत कुणी नेला नव्हता. पोरं अवघड जागी आली की रिमोट तिच्या हातात द्यायची. आईने तो गावाकडच्या घरी माळ्यावर जपून ठेवला होता. मागवून घेतला, पुसून प्लग लावला तर त्याचा दिवाही लागला.

अडचण माझ्या टीव्हीची होती. त्याला जुन्या पिवळ्या वायरीची जागाच नव्हती. बाजारातल्या दुकानदाराने जुनी वायर नव्या टीव्हीला जोडणारा एक छोटा डबा, कन्व्हर्टर, दिला. चित्र आलं, पण फिसकटलेलं. आक्का खेळायला बसली आणि माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. तिने रिमोट मांडीवर ठेवला.

"हात गेला गं माझा."

मी रिमोट घेतला. बटण दाबलं, आणि उडी मागून, आळसावल्यासारखी आली. मीही खड्ड्यात.

"आक्का, तुझा हात न्हाई, हा डबा खराब हाय! उडीच उशिरा येतीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "खरं म्हणतीस? मी तर लई भ्याले होते."

त्या दिवसापासून मी अपस्केलर शोधायला लागले. जुन्या गेमचं बारीक चित्र नव्या मोठ्या पडद्याजोगं करून देणारा डबा. स्वस्तातला डबा चित्र आधी अडवून धरतो, मग पुढे सोडतो, म्हणून उडीला उशीर होतो, हे मला तेव्हा कळलं. लोक ज्याला सगळ्यात चांगला म्हणत होते तो पिवळी वायर घेतच नव्हता. दुसऱ्याचं चित्र काचेसारखं होतं, पण उशीर थोडा राहायचाच. आक्का शेजारी बसून मोबाईलमध्ये डोकावायची.

"रंग कसा का असंना, उडी येळंवर आली पायजे," ती म्हणायची.

शेवटी पिवळी वायर घेणारा आणि चित्र अडवून न धरणारा एक सापडला. तो मागवला. येईपर्यंतचे दिवस आमचे फार चांगले गेले. आक्का फोनवर दाजींना सांगायची, "अवो, डबा खराब होता, माझा हात न्हाई." मलाही ते इतकं पटलं होतं की सांडणाऱ्या चहालाही काहीतरी साधं कारण निघेल, असं वाटायला लागलं.

डबा आला. मी जोडला, टीव्हीवर उशीर कमी करणारा गेम मोड लावला. भिंतीची वीट न् वीट दिसत होती. आधी मीच खेळून पाहिलं. बटण दाबलं की उडी. खड्डा पार.

"घे आक्का."

तिने पदराला तळवे पुसले. माणूस पळत निघाला. मी पडद्याऐवजी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. तो बटणाकडे निघाला होता, हळूहळू, आणि तो पोचायच्या आत माणूस खड्ड्यात गेला होता. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"थांब, सेटिंग बघते," म्हणत मी तिच्याकडे पाठ केली आणि आधीच लावलेलं सगळं परत परत उघडत बसले.

"राहू दे," मागून ती म्हणाली. "डबा चांगला हाय."

मी वळले नाही.

"तू खेळ. मी बघते."

मी खेळले. मला धड दिसत नव्हतं. मागून ती सांगत होती, "आता उडी. थांब. आता." एकाही खड्ड्याला तिची वेळ चुकली नाही.

रिपोर्टात आजाराचं लांबलचक नाव आलं. नसा हळूहळू निकामी होणार होत्या आणि औषध नव्हतं. दाजी न्यायला आले. गाडीत बसल्यावर आक्का मला म्हणाली, "आईला इतक्यात काई सांगू नकू. डबाच खराब निघाला म्हण."

मी आईला तेच सांगितलं.

"मंग दुसरा आण की," आई म्हणाली. "कावून चिकटपणा करतीस? लेकरू तेवढंच खेळन."

मी आणते म्हणाले.

आक्का पुढच्या श्रावणात गेली. शेवटी तिचं बोलणंही गेलं होतं. मी रविवारी दिंद्रुडला जायची, तिला न्हाऊ घालायची, केस विंचरायची. त्या दुपारी वेणी निम्मी झाली होती. तिची मान माझ्या हातावर आली तेव्हा मला वाटलं, झोप लागली. दाजी दारातून आत आले, तिच्या नाकापाशी हात धरला आणि तिच्या पायाशी बसले. मी उठले नाही. राहिलेली वेणी घातली, रिबीन बांधली, आणि मग आईला फोन लावला.